आईसाहेबांची ओळखपरेड

११ जानेवारी

आज नव्या इमारतीत आलो. कपाटं, टेबलं, यंत्रं कालच गेली होती. आज आईसाहेब गेल्या. दादा गाडीत पुढे बसला आणि प्रत्येक वळणावर ड्रायव्हरला "सावकाश, सावकाश" म्हणत राहिला. शेवटी ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "साहेब, मागे पेशंट आहे का?" दादा म्हणाला, "आई आहे." ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं. मागे मी होते आणि माझ्या पायाशी थंड नायट्रोजनची टाकी होती. उतरताना त्यानं मला वाकून नमस्कार केला. मी दादाहून आठ वर्षांनी लहान आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

१४ जानेवारी

नवी इमारत म्हणून नवी वही, आणि नवी वही म्हणून थोडं मागचं.

आम्ही कातडी बनवतो. नाण्याएवढ्या चकत्या, माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या. साबण, मलमं, औषधं बनवणारे आपला माल आधी त्यांच्यावर लावून बघतात. पूर्वी सशांवर लावायचे. आमच्या सगळ्या चकत्या एकाच बाईच्या पेशींच्या आहेत, आणि ती बाई म्हणजे आमची आई. तिच्या पाठीवरची गाठ काढली तेव्हा बाजूची बोटभर कातडी मी सर्जनकडून मागून घेतली होती. रीतसर परवानगीच्या कागदावर आईनं सही केली आणि म्हणाली, "ने. पाठ मला कधी दिसलीच नाही, तिचं मला काय सोयरसुतक." साध्या पेशी बाटलीत काही दिवस वाढतात आणि दमून थांबतात. हजारात एखाद्याच्या थांबत नाहीत. आईच्या थांबल्या नाहीत. ती स्वतः दोन वर्षांत गेली, पेशी मात्र वाढत राहिल्या.

तेव्हा दादा पाण्याचे पंप विकायचा. ते सोडून तो या धंद्यात आला, कारण त्याच्या मते विकायचं काहीही असलं तरी गिऱ्हाईक तेच असतं. एका दातांच्या डॉक्टरच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. भिंतीपलीकडे ड्रिल सुरू झालं की आमच्या बाटल्या थरथरायच्या. पेशी ठीक आहेत की नाहीत हे मी सूक्ष्मदर्शकातून नुसतं बघून ठरवायचे. मग पेशींना एकावर एक थर धरायला लावता येऊ लागलं, मग कातडीला रंग आणता आला, मग यंत्रं अशी आली की माझ्या डोळ्यांना कुणी विचारेना. विज्ञान एक पायरी चढलं की दादा एक खोली वाढवायचा. आता तीन मजले आहेत.

पेशींना "आईसाहेब" हे नाव कुणी ठेवलं आठवत नाही. सकाळी येणारा प्रत्येक जण "आईसाहेबांचं जेवण झालं का?" असं विचारून पहिलं काम धरतो. वाढ मंदावली की "आईसाहेब रुसल्यात." मला यात भावनिक होण्यासारखं काही वाटत नाही, सोयीचं नाव आहे. दादाला वाटतं. रोज घरी जाताना तो इन्क्युबेटरच्या काचेवर दोन बोटं टेकवतो आणि कुणी पाहिलं नाही असं समजतो.

३ फेब्रुवारी

मोठी औषध कंपनी अखेर गळाला लागली. त्यांना आमच्या चकत्या नुसत्या विकत नको आहेत. भाजलेल्या माणसांसाठी आईसाहेबांपासून जखमेवरचं आवरण बनवायचं आहे, आणि ते आम्ही बनवायचं. तिसरा मजला त्यासाठीच रिकामा ठेवला होता. दादा दिवसभर मनातल्या मनात भिंती पाडत आणि उभारत होता. मी त्याला म्हटलं, अजून सही झालेली नाही. तो म्हणाला, "शहाणे, तू फक्त पेशी सांभाळ, सह्या मी सांभाळतो."

१७ फेब्रुवारी

त्यांची एक अट आली आहे. पेशी ज्या व्यक्तीच्या म्हणून सांगता त्याच व्यक्तीच्या आहेत, हे सिद्ध करा. आम्ही सुरुवात केली तेव्हा असं कुणी विचारत नसे, आणि विचारलं असतं तरी चाचणी आमच्या आवाक्यातली नव्हती. आता ती किरकोळ गोष्ट झाली आहे.

अडचण एवढीच की ताडून बघायला आईचं दुसरं काही उरलेलं नाही. जुन्या जागेतला फ्रीझर एका उन्हाळ्यात बंद पडला, त्यात तिच्या रक्ताचा नमुना गेला. पण मुलांचा नमुना चालतो. जनुकद्रव्यात काही ठरावीक जागा असतात, प्रत्येक जागी दोन आकडे, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. म्हणजे प्रत्येक जागी माझा एक आकडा आईसाहेबांशी जुळायलाच हवा. दुपारी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला, आईसाहेबांची एक कुपी सोबत दिली आणि दोन्ही बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवून मोकळी झाले. दादा गावाला गेला आहे.

१८ फेब्रुवारी

दादाचा फोन. आवाज खरखरत होता. मी नमुन्याचं सांगितल्यावर म्हणाला, "थांब, मी उद्या येतोय. माझा पाठव."

"माझा गेलासुद्धा."

"परत मागव."

"कशाला? मी काय नि तू काय."

मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "एवढी कसली घाई होती तुला," आणि ठेवून दिला. आता गंमत म्हणजे गेला महिनाभर घाई हाच करत होता. मोठेपणाचा मान हवा असेल. थोरल्याचा नमुना जायला हवा होता, धाकटीचा नाही. पुरुष या वयात कशावरून रुसतील सांगता येत नाही.

४ मार्च

जुळत नाही.

एखाद्या जागी फरक असता तर समजलं असतं, पेशी इतकी वर्षं वाढल्या की थोडी झीज होतेच. पण निम्म्याहून जास्त जागी एकही आकडा सामायिक नाही. अहवालाच्या भाषेत, "सदर पेशी नमुना देणाऱ्या व्यक्तीच्या आईच्या असू शकत नाहीत."

मी तो कागद घेऊन बराच वेळ बसले. मग उठून हात धुतले, का ते माहीत नाही.

५ मार्च

चाळणीला बोलावलं. ती आमच्या दर्जा विभागाची प्रमुख; तिच्या हातून काही निसटत नाही म्हणून हे नाव. तिला तोंडावर कुणी म्हणत नाही, पण तिला माहीत आहे. तिनं अहवाल दोनदा वाचला.

मी म्हटलं, तीन शक्यता आहेत. प्रयोगशाळेची चूक. दुसऱ्या कुणाच्या पेशी आमच्या बाटलीत शिरल्या. दाताच्या डॉक्टरमागे असताना आम्ही एका संशोधन गटाबरोबर पेशी हाताळायचं एकच कॅबिनेट वापरत होतो, आणि या धंद्यात असे घोटाळे पैशाला पासरी आहेत. किंवा मुळात कातडीच बदलली.

ती म्हणाली, "शिरलेल्या असत्या तर जगभरच्या यादीत कुठेतरी सापडल्या असत्या, मॅडम. ह्या कुठल्याच माहितीतल्या पेशींशी जुळत नाहीत."

"यादी पूर्ण थोडीच असते?"

"नाही. पण मॅडम, अजून एक…" ती थांबली. चष्मा काढून पुसला.

"अजून एक काय?"

"काही नाही. चाचणी पुन्हा करू. आणि दादांचाही नमुना घ्या."

बरोबर बोलली. चाळणीनं वाक्य अर्धवट सोडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

१९ मार्च

दुसऱ्यांदा केलं, दुसऱ्या प्रयोगशाळेत, माझा नवा नमुना देऊन. निकाल तोच.

दादा नमुना देत नाही. सोमवारी तोंड आलं होतं. बुधवारी विसरला. आज मी कापसाचा बोळा घेऊन त्याच्या समोर जाऊन उभी राहिले तर म्हणाला, "एका मुलाचं पुरतं ना? तूच म्हणाली होतीस."

"पुरतं. पण तुझं बघितलं तर खात्री होईल."

"झाली की खात्री. आईच्या नाहीत म्हणतेस ना? मग नाहीत." आणि समोरचे कागद उगाच सरळ करत बसला.

मी चिडले. नंतर विचार केल्यावर कळलं. इतकी वर्षं जी काच रोज शिवत आला, तिच्या पलीकडे आई नव्हती हे त्याला स्वतःच्या थुंकीनं सिद्ध करायचं नाही. माझ्या थुंकीनं झालं तर तो माझ्यावर रागावू तरी शकतो. असो. शास्त्राच्या दृष्टीनं त्याच्या नमुन्याची गरज नाहीच. मूल एक असो की पाच, एकाशी जुळलं नाही की संपलं.

२६ मार्च

त्या जुन्या सर्जनला भेटून आले. आता निवृत्त आहेत, बागेत झारी घेऊन फिरत होते. त्या सकाळी त्यांच्याकडे साधारण आईच्याच वयाच्या आणखी एका बाईच्या पाठीची शस्त्रक्रिया होती, एवढं त्यांना आठवतं, किंवा मी इतकं खोदून विचारलं की आठवल्यासारखं झालं. डबे बदलले असतील का? "बदलायला नको," म्हणाले, "पण माणसंच आहोत." मला एवढं पुरेसं आहे. सगळं बसतं. पेशी बाईच्या आहेत, वय साधारण तेच, आणि कुठल्या यादीत नाहीत.

म्हणजे आम्ही इतकी वर्षं एका परक्या बाईला वाढवत आलो, तिला न विचारता. ती कदाचित जिवंत असेल, भाजी निवडत असेल. मला हे फार लागलं. आई नव्हती याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त या बाईचं वाटलं.

२ एप्रिल

मावशीकडे गेले. आईची धाकटी बहीण, आता कानानं कमी ऐकते आणि जिभेनं जास्त बोलते. तिचा नमुना मिळाला तर आणखी एक बाजू तपासता येईल, एवढंच डोक्यात होतं. तिला समजेल असं सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता गंभीर होत गेली.

"दादाला माहीत आहे तू इथे आलीस ते?"

"त्यात दादाला काय विचारायचं?"

"मी नाही देणार काही. आणि तू हे उकरणं बंद कर." मग एकदम आवाज मऊ करून, "तुझ्या आईनं तुला कधी काही कमी केलं का गं? सांग. दादाच्या आधी तुझ्या ताटात वाढायची. तुला घरी आणलं तेव्हा तुला दात येत होते, रात्रभर किरकिर करायचीस, तर ही बाई तुला खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत फिरायची. एकदाही हूं की चूं केलं नाही."

मी म्हटलं, मावशी, दवाखान्यातून आणलेल्या बाळाला दात येत नसतात. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "हो गं, मी म्हातारी झाले," म्हणाली.

या वयात काळ असा एकमेकांत मिसळतो. तिला एकदा डॉक्टरला दाखवायला हवं, दादाला सांगते.

५ एप्रिल

दादाला मावशीचं सांगितलं. त्यानं चहाचा कप बशीत ठेवला तो सांडला. "तू तिच्याकडे गेली होतीस?" एवढंच विचारलं. मग मावशीची तब्येत राहिली बाजूला, मला म्हणाला, "तू ठीक आहेस ना?" मी ठीक आहे. मी का ठीक नसेन?

१० एप्रिल

निर्णय आज घ्यायचा होता. मी सरळ मांडलं. पेशी कुणाच्या ते माहीत नाही, त्या बाईची परवानगी नाही, त्यामुळे करार नाही, चकत्यांची विक्रीही बंद, आणि जेवढा साठा आहे तेवढा नष्ट. पुढे काय, त्याचंही उत्तर आता शास्त्रात आहे. कुणाही माणसाच्या परवानगीनं घेतलेल्या थोड्या रक्तातून हवी ती पेशी घडवता येते. आम्हाला नव्यानं सुरुवात करायला दीड-दोन वर्षं लागतील. तोवर तिसरा मजला भाड्यानं द्यावा लागेल, आणि काही माणसांना दुसरीकडे बघा म्हणून सांगावं लागेल.

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. दादा पेन्सिलीचा शेवटचा तुकडासुद्धा टोपण लावून वापरणारा माणूस. वाटलं होतं वकील आणेल, तिसऱ्यांदा चाचणी म्हणेल, निदान टेबलावर हात आपटेल. त्यानं सगळं ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दुसरा काही मार्गच नाही का, ज्यात तुला… ज्यात कुणाला काही सिद्ध करावं लागणार नाही?"

"नाही."

"मग करून टाक."

इतकं सोपं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि राग पण आला. ज्या गोष्टीसाठी त्यानं आयुष्य घातलं ती सोडताना माणसानं थोडं तरी धरून ठेवावं. उगाच नाही, मला बरं वाटावं म्हणून.

१३ एप्रिल

चाळणी आज दादाच्या खोलीत बराच वेळ होती. काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. ती उभी राहून बोलत होती, हातात अहवाल होता. दादा बसला होता. मग दादा बोलायला लागला आणि ती खाली बसली. शेवटी दादानं हात जोडले. दादानं, चाळणीपुढे.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "सर्दी झालीय मॅडम." माणसं कमी करायची आहेत, तिच्या विभागातलीही जातील, तेच सांगितलं असणार. दुपारी साठा नष्ट करण्याचा कागद तिच्यापुढे ठेवला. इतक्या वर्षांत तिनं माझा एकही कागद प्रश्न विचारल्याशिवाय परत दिलेला नाही. आज सही केली आणि पेन ठेवून म्हणाली, "तुमचे भाऊ फार चांगले आहेत, मॅडम." कामावरून माणसं काढणाऱ्याबद्दल असं कुणी म्हणतं हे मी प्रथमच ऐकलं.

२१ एप्रिल

बातमी सगळ्यांना सांगून झाली. कुणी ओरडलं नाही. सकाळी "आईसाहेबांचं जेवण झालं का?" हे विचारणं आपोआप बंद झालं आहे. तरी जेवण घालावं लागतंच. नष्ट करायच्या दिवसापर्यंत पेशी उपाशी ठेवायच्या नाहीत असा नियम आहे, म्हणजे मी आत्ताच केला. आज पाळी माझी होती. बाटल्या तिरक्या करून जुना द्रव काढला, नवा घातला. पेशी उत्तम वाढत आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर, कुणाच्याही असोत, फार देखण्या आहेत. मी त्यांच्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत होते. याला कारण सवय.

२८ एप्रिल

आज केलं.

सकाळी इन्क्युबेटर रिकामा केला. बाटल्यांत ब्लीच ओतला की गुलाबी द्रव आधी पिवळा आणि मग पाण्यासारखा होतो, त्याला फार वेळ लागत नाही. मग टाकीतल्या गोठवलेल्या कुप्या. चाळणी एकेक मोजून यादीवर खूण करत होती आणि मी त्या बादलीत टाकत होते.

शेवटचा ट्रे काढला तेव्हा दादा आला. पांढरा अंगरखा उलटा घातला होता, पाठीवर बांधायचे बंद पोटावर. मी तो सरळ करून दिला. तो म्हणाला, "एक कुपी मला दे."

"काय करणार आहेस?"

"घरी ठेवीन."

"घरच्या फ्रिजमध्ये त्या दिवसभरही जगणार नाहीत."

"माहीत आहे मला. असू दे."

चाळणीनं यादीवरची मान वर केली नाही. मी त्याला समजावलं. म्हटलं, दादा, ही आई नाही. कुणाच्या तरी अंगाचा तुकडा आहे, तिला न विचारता घेतलेला, आणि तो आपण आठवण म्हणून कपाटात ठेवणं बरं दिसत नाही. तुझ्यासाठी वाईट वाटतं मला, खरंच वाटतं, पण एक ठेवली तर बाकीच्या टाकण्याला काय अर्थ राहिला?

"तिनं दिली असती परवानगी," दादा म्हणाला.

"कुठल्या बाईनं?"

शेवटची कुपी माझ्या चिमट्यात होती. ती त्यानं काढून घेतली, हातमोज्याशिवाय. इतकी गार वस्तू उघड्या हातात धरायची नसते, कातडी सोलवटते. मी ओरडले तरी त्यानं मूठ उघडली नाही, उघडली ती बादलीवर नेऊनच. कुपी बुडाली. चाळणीनं शेवटची खूण केली आणि कपाळ पुसल्यासारखं करून बाहेर निघून गेली.

मी दादाचा तळहात कोमट पाण्यात धरून बसले. लाल झाला होता, फोड येईल. मी त्याला म्हटलं की तुझ्यासारख्या माणसाला प्रयोगशाळेत येऊच द्यायला नको. तो ऐकत होता, हसलाही थोडा. मग त्यानं सांगितलं की आई शिवणकाम करायची तेव्हा तिच्याकडून एकदा एक गिऱ्हाईक आपला शिवलेला कोट घेऊन खूश होऊन निघालं होतं. आई रस्त्यापर्यंत त्याच्या मागे गेली, कोट परत आणला आणि बाही उसवून पुन्हा शिवली. शिवण आत चुकली होती, बाहेरून कुणाला दिसलीही नसती. दादा तेव्हा शाळकरी होता, त्याला तिचा राग आला होता. मला हे माहीत नव्हतं.

त्याचा हात अजून माझ्या हातात होता. माझ्याकडे बघत म्हणाला, "तू अगदी आईवर गेलीस."

आजवर हे मला कुणी म्हटलं नव्हतं. बरं वाटलं, म्हणून लिहून ठेवते.